प्रल्हाद सोनकांबळेला रशियन कुणी केलं

निवृत्त सुभेदार भुजंगराव याने मला आणि नायक प्रल्हाद किशन सोनकांबळे याला फसवलं. रशियात गोदामाची राखण करायची नोकरी आहे असं सांगून त्याने आम्हाला रशियाच्या सैन्यात पोचवलं. मी परत आलो. प्रल्हाद आला नाही. वीस वर्षं मी या माणसाला अहोजाहो केलं. इथून पुढे करणार नाही.

मी व्यंकट नारायण. गाव औसा तालुक्यात. इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि लातूरला जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री सुरू केली. डोक्यावर कुणाचा हात नव्हता. इंजिन सुरू झालं की नुसत्या आवाजावरून त्याने किती हंगाम ओढलेत ते मी सांगतो. समोरच्याने सांगितलेला भाव मी आजवर एकदाही दिलेला नाही. डोकं लवकर तापतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

प्रल्हाद उमरीचा. पलटणीत आम्ही एकाच सेक्शनमध्ये होतो. सुटून आल्यावर तो नांदेडहून विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजापर्यंत पोरांची बस चालवायचा. त्याची मुलगी प्रज्ञा लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होती. दर दुसऱ्या रविवारी तो तिला भेटायला यायचा आणि मुक्काम माझ्याकडे करायचा.

भुजंगराव आमच्या प्लाटूनचा सुभेदार होता. काश्मीरमध्ये एका हिवाळ्यात रस्ता बंद झाला, तेव्हा त्याने अख्खा प्लाटून बर्फातून चौदा तास चालवत खाली आणला. एक जवान पाय मोडून पडला होता. त्याला आळीपाळीने खांद्यावर घेतलं. मागे कुणी राहिलं नाही. लातूरला त्याने सैन्य भरतीची अकॅडमी काढली, तेव्हा उद्घाटनाच्या खुर्च्या मीच लावल्या.

अकॅडमीच्या ऑफिसात त्याने आम्हा दोघांना बोलावलं. सकाळचे अकरा वाजले होते.

"रशिया आपला जुना दोस्त," तो म्हणाला. "एकाहत्तरला आपल्या बाजूनं कोण उभं राहिलं? त्यांना माजी सैनिक पाहिजेत. गोदामं राखायची, बस्स. आघाडीवर जायचं नाही. व्यंकट, तू सोबत असलास तर प्रल्हादच्या घरच्यांनाही घोर राहणार नाही."

"येस साहेब," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर प्रल्हाद थांबला.

"भाऊ, जुन्या टायरसाठी तुमी दोन दोन तास घासाघीस करता. हितं कायबी इचारलं न्हाई."

"सुभेदारसाहेबांशी घासाघीस करायची?"

"घासाघीस नगं. नुसतं इचारायचं. कागद कुणाचा, मालक कोण."

"गप बस. त्यांनी आपल्याला बर्फातून काढलंय."

"ते खरं हाय. पण तवा ते सुभेदार होते."

मी त्याला आत जाऊन विचारू दिलं नाही. सतरा वर्षं ज्याच्यासमोर टाच जुळवली, त्याच्यासमोर पेन्शन लागल्यावरही टाच जुळतेच. सिव्हिलियन माणूस ही चूक करणार नाही. सैनिक करतो.

मॉस्कोजवळ आम्हाला बसने एका इमारतीत नेलं. टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, सगळा रशियन भाषेत. सही करा म्हणाले. मी भुजंगरावाला फोन लावला.

"साहेब, कागद वाचता येत नाही."

"तुला वाचायला कुणी सांगितलंय? सही कर. हुकूम समज. पुढचं मी बघतो."

दुपारी साडेचार वाजता मी सही केली. मी केली म्हणून प्रल्हादने केली. तिसऱ्या दिवशी गणवेश मिळाला आणि कागद कसला होता ते कळलं. त्यानंतर भुजंगरावाचा फोन लागला नाही.

कॅम्पचं रुटीन साधं होतं. सहाला उठायचं, साडेसहाला बाजरीच्या कण्यांसारखी दिसणारी कुट्टूची खिचडी, आठपासून फायरिंग आणि खंदक, आणि संध्याकाळी पाचला एका शाळेच्या हॉलमध्ये इतिहासाचा तास. आपल्याकडे रिक्रूटला पलटणीचा इतिहास सांगतात. इथे एक कॅप्टन देशाचा सांगायचा. हातात छडी, मागे नकाशा. हजार वर्षांपूर्वी कीवच्या राजाने ख्रिस्ती धर्म घेतला आणि प्रजेला नदीत उतरवलं, तिथून रशियन लोकांची सुरुवात. मग मंगोल आले, त्यांचं जोखड दोन-अडीचशे वर्षं. मग मॉस्को उभं राहिलं. मग पश्चिमेकडून एकामागून एक फौजा आल्या आणि बर्फात गाडल्या गेल्या. प्रत्येक तासाचा शेवट एकच. कीवचे लोक आणि आपण एकच आहोत, त्यांना हे विसरायला लावलंय, आपण आठवण करून द्यायला निघालोत.

हे आम्हाला कळत होतं ते बायरमुळे. बायर बैकाल सरोवराकडचा बुर्यात. चेहऱ्याने आपल्या ईशान्येकडचा वाटायचा. त्याचे लोक बौद्ध. लामा व्हायला म्हणून तो कर्नाटकात मुंडगोडच्या तिबेटी मठात सात वर्षं राहून गेला होता. हिंदी फाडफाड बोलायचा आणि चिडला की कानडी. पुढे चीवर सोडून गावी परतला आणि पोस्टमन झाला. एक दिवस त्याच्याच झोळीत त्याच्या नावाचं लष्कराचं बोलावणं निघालं.

"बुद्ध तुमचाबी?" प्रल्हादने पहिल्या दिवशी विचारलं.

"आमचा कधीपासूनचा. तुझा?"

"आमी छप्पनला परत आणला."

बायर हसला. दुसऱ्या दिवसापासून दोघं एका डब्यात जेवू लागले.

एका तासाला प्रल्हादने हात वर केला. मी त्याची बाही ओढली, तरी उठला. "सर, रशियन म्हंजे चर्चवाला, असं तुमी सांगितलं. मग हा बायर कोण?"

बायरने ते रशियनमध्ये सांगितलं, स्वतःच्याच बाबतीतला प्रश्न, मान खाली घालून. कॅप्टन चिडला नाही. म्हणाला, "रशिया मोठं घर आहे. खोल्या पुष्कळ. जो रशियासाठी लढतो तो रशियन. तूसुद्धा." टाळ्या वाजल्या.

बाहेर बायर म्हणाला, "आमच्याकडे दोन शब्द आहेत. एक रक्ताने आणि भाषेने रशियन असणाऱ्याचा, एक पासपोर्टवाल्याचा. परेडला सगळे एक. मॉस्कोत खोली भाड्याने मागायला गेलो की पाटी दिसते, फक्त पहिल्या शब्दाची माणसं."

"म्हंजे आमच्याकडल्यासारखंच," प्रल्हाद म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

कॅप्टनचं गणित मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. देगलूरच्या बाजारात माणूस मराठीत भाव सांगतो, तेलुगूत कमी करतो आणि कानडीत शिवी देतो. तो कोण, हे कुणी विचारत नाही. माझा आजा निजामाच्या राज्यात जन्मला. आमच्या बोलण्यात अर्धे शब्द अजून त्याच राज्यातले आहेत. म्हणून उद्या कुणी हैदराबादेहून रणगाडा घेऊन आला आणि तुम्ही आमचेच म्हणाला, तर रझाकार बघितलेली आमची म्हातारी माणसं काय म्हणतील ते मला माहीत आहे.

खरा रशियन मला भेटला तो स्तेपानिच. वय पन्नाशीच्या पुढे, वोल्गा नदीकाठचा मेकॅनिक, आमच्या तुकडीचा सार्जंट. नाव निकोलाय, बापाचं नाव स्तेपान. रशियन लोक मोठ्या माणसाला बापाच्या नावाने हाक मारतात. आमच्याकडेही मधलं नाव बापाचंच असतं हे कळल्यावर तो खूश झाला आणि त्याने जागच्या जागी नावं ठेवली. मी नारायणोविच, प्रल्हाद किशनोविच.

"माझ्या बापानं उमरीच्या पलीकडं रेल्वे बघितली न्हाई," प्रल्हाद म्हणाला. "नाव पोचलं बघा रशियात."

स्तेपानिच इतिहासाच्या तासाला मागे बसून डुलक्या घ्यायचा. मी विचारलं, तुला हे पटत नाही का. तो म्हणाला, हा राजांचा इतिहास. त्याच्या खापरपणजोबाला जमीनदाराने शिकारीच्या दोन कुत्र्यांच्या बदल्यात दिला होता. अख्खी गावं अशी विकली जायची, गिऱ्हाईक दात बघायचं.

"मग रशियन कोण?" मी विचारलं.

सिगरेट संपल्यावर तो बोलला. त्याचा आजा हिटलरच्या लढाईत गेला. घरी कागद आला, बेपत्ता. मेला असं लिहिलं असतं तर आजीला पेन्शन मिळाली असती. बेपत्ता म्हटलं की पळून गेला असेल, शत्रूला मिळाला असेल. गावाने तिच्याकडे मरेपर्यंत तसंच बघितलं. अजून दर उन्हाळ्यात लोक जंगलात फावडी घेऊन जातात आणि हाडं शोधतात.

"प्रत्येक घरात असा एक आहे," बायरने त्याचं वाक्य हिंदीत केलं. "तो म्हणतो, ज्याच्या घरचा माणूस सरकारने हरवला, तो रशियन."

सहाव्या आठवड्यात आम्हाला आघाडीवर नेलं. गावाचं नाव सांगितलं नाही. शेतं सपाट, काळी जमीन, आपल्या लातूरसारखीच. दोन शेतांमध्ये झाडांची रांग आणि त्या रांगेत खड्डे. वॉकी-टॉकीवर प्रत्येकाला एक नाव घ्यायला सांगितलं. मी लातूर घेतलं, प्रल्हादने उमरी. आमचं काम पाणी आणि दारूगोळा पुढच्या खड्ड्यांपर्यंत पोचवायचं.

त्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी चौघं निघालो. स्तेपानिच, बायर, प्रल्हाद, मी. आभाळ स्वच्छ होतं, ते वाईट. सात चाळीसला ड्रोनचा आवाज आला. स्तेपानिच ओरडला, आम्ही पांगलो. ग्रेनेड प्रल्हादच्या डाव्या बाजूला पडला. मांडी फाटली. रक्त थांबवायला मी पट्टा आवळला, वेळ लिहिली, त्याला ओढत खड्ड्यात आणलं. शुद्धीत होता. अशी जखम मी आधी बघितली होती. दोन तासांत टेबलावर गेला तर माणूस वाचतो.

स्तेपानिचने सेट घेतला. सेटवर आमची तुकडी बैकाल, कमांड पोस्ट वोल्गा. तिथे जखमीला तीनशे म्हणतात, मेलेल्याला दोनशे.

"वोल्गा, मी बैकाल. एक तीनशे. गाडी पाठवा."

"बैकाल, तीनशे कोण?"

"उमरी."

मग दुसरा आवाज आला. बायरच्या आधी मीच ओळखला. इतिहासाच्या तासाचा कॅप्टन त्या दिवशी कमांड पोस्टवर होता.

"उमरी आपला नाही. आधी आपली माणसं. थांबा."

"तो आपलाच आहे," स्तेपानिच म्हणाला.

"थांबा."

नऊ वाजून पाच मिनिटांनी गाडी आली. आमच्यापासून दोनशे मीटरवर थांबली, शेजारच्या खड्ड्यातले दोन जखमी घेतले आणि वळली. मागे आणखी चौघं मावले असते. स्तेपानिच हात हलवत उघड्यावर उभा राहिला. ड्रायव्हरने बघितलं. त्याला हुकूम नव्हता.

"भाऊ, गाडी आली का?" प्रल्हादने विचारलं.

"येऊन राहिली."

"मग गाडीवाल्याशी भाव करीत बसू नका बरं."

बायरने सेटवर तीन वेळा मागणी केली. तिसऱ्या वेळी कानडीतही बोलला. दहानंतर प्रल्हादला थंडी वाजू लागली. माझा कोट घातला. त्याने प्रज्ञाचं नाव घेतलं. मग त्रिसरण म्हणायला लागला. दुसऱ्या ओळीला आवाज बसला. बायरने त्याच्या भाषेत पुढचं म्हटलं.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी प्रल्हाद गेला.

साडेअकराला मागे हटायचा हुकूम आला. मी म्हणालो, त्याला घेऊन जाणार. स्तेपानिच नाही म्हणाला नाही. मी आणि बायरने त्याला ताडपत्रीवर घेतलं आणि वीसेक पावलं गेलो. दुसरं ड्रोन आलं. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं तिथे राहिली. बायरच्या पाठीत तुकडे घुसले. स्तेपानिचने आम्हा दोघांना मागे ओढलं, मग एकटा परत गेला. प्रल्हादला खड्ड्यात ठेवलं, ताडपत्री टाकली, वर दारूगोळ्याच्या पेटीचं झाकण ठेवलं. झाकणावर त्याने डांबरात बुडवलेल्या काडीने लिहिलं : प्रल्हाद किशनोविच, उमरी.

त्या रात्री तो भाग दुसऱ्या बाजूच्या हातात गेला. मी दवाखान्यात होतो. तिथून आपल्या दूतावासाच्या लोकांनी मला सोडवून आणलं, त्यांचे आभार. बायर त्याच्या गावी आहे, काठी घेऊन चालतो. स्तेपानिचचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

मी येण्याआधीच उमरीला रशियन सैन्याचा कागद पोचला होता. दोन ओळी. प्रल्हाद सोनकांबळे बेपत्ता, ठावठिकाणा नाही.

मी लिहून दिलं, सही केली, की तो माझ्या मांडीवर गेला, अमुक वाजता. उत्तर आलं, मृतदेह नाही, त्यामुळे नोंद बदलता येत नाही. हजार वर्षांचा इतिहास छडीने शिकवणाऱ्या त्या कॅप्टनने गाडी नाकारताना प्रल्हादला परका केलं. नंतर बेपत्ता लिहून त्याला स्तेपानिचच्या आजाच्या रांगेत बसवलं. स्तेपानिचच्या हिशेबाने आता उमरीचं ते घर रशियन झालंय.

प्रल्हादच्या आईला, गयाबाईला, मी अंगणात बसून सगळं सांगितलं. तिला ऐकू कमी येतं. मोठ्याने सांगावं लागलं. गल्ली गोळा झाली.

"तू व्हतास का तिथं?" तिने विचारलं.

"होतो, मावशी."

"डोळ्यानं बघितलास?"

"बघितलं."

"मग बेपत्ता कसा?"

मी म्हणालो, कागद खोटा आहे. आणि पुढचंही सांगितलं. तो त्या दिवशी प्रश्न विचारायला निघाला होता, मी विचारू दिलं नाही. सही मी आधी केली. प्रल्हादची बायको सुनीता उठून आत गेली. गयाबाई माझ्या तुटक्या बोटांकडे बघत राहिली.

"तू आलास, सांगितलास," ती म्हणाली. "ज्यानं धाडलं त्यो का आला न्हाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी लातूरला अकॅडमीत गेलो. फाटकावर मोठं बॅनर होतं, निवड झालेल्या पोरांचे फोटो. वरच्या रांगेत प्रल्हाद, रशियन गणवेशात. कॅम्पमधून त्याने प्रज्ञाला पाठवलेला फोटो. खाली लिहिलं होतं, परदेशात निवड.

भुजंगराव खुर्चीवर होता. मी टाच जुळवली नाही. समोरची खुर्ची ओढून बसलो.

"ये, व्यंकट. हाताचं ऐकलं. वाईट झालं."

"बॅनरवरून प्रल्हादचा फोटो काढ."

"आवाज खाली, हवालदार."

"फोटो काढ, आणि माझ्यासोबत उमरीला चल. त्याच्या आईसमोर उभं राहून सांग, मी पाठवला."

"मी फक्त ओळख करून दिली. सही तुम्ही केली, स्वखुशीनं." त्याने ड्रॉवरमधून उमरीला आलेल्या कागदाची झेरॉक्स काढली. "आणि हे बघ. बेपत्ता लिहिलंय. उद्या परत आला तर? आईला कशाला घाबरवायचं?"

टेबलावरचा पाण्याचा जग मी भिंतीवर फोडला. ते करायला नको होतं. बाहेर ग्राउंडवर धावणारी पोरं थांबली.

तो घाबरला नाही. मला पुरता ओळखतो. आवाज मऊ करून म्हणाला, "व्यंकट, तू व्यवहारी माणूस. अकॅडमीत चीफ इन्स्ट्रक्टर हो. केबिन देतो, नावाची पाटी लावतो. प्रज्ञाच्या क्लासचंही बघू. बोल, काय पाहिजे?"

आयुष्यभर मी समोरच्याने पहिला भाव काढायची वाट बघितली. त्याने काढला. मला दुसरा सांगायचाच नव्हता.

"उमरीला चल," मी म्हणालो.

"काम आहे मला."

मी बाहेर येऊन बॅनर फाडलं. थांबलेल्या पोरांना गोळा केलं आणि हेच सगळं सांगितलं, वेळांसकट. सात जण त्याच दिवशी अकॅडमी सोडून गेले. पोलिसांत तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे असं म्हणतात. चालू दे. दर सोमवारी साडेदहाला मी फाटकावर उभा असतो आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक बापाला प्रल्हादचा फोटो दाखवतो. भुजंगराव आत असतो, मी बाहेर. धंदा बसला तर बसू दे, त्याचा आणि माझाही. त्या कॅप्टनपर्यंत माझा हात पोचत नाही. भुजंगरावापर्यंत एका ऑटोत पोचतो.

नायक प्रल्हाद किशन सोनकांबळे. वय एकेचाळीस. पलटणीत पंधरा वर्षं, एकही लाल शेरा नाही. बस चालवताना स्टॉपवर पोहोचायला उशीर झालेल्या पोरासाठी थांबायचा आणि वरून त्यालाच दटावायचा. एका काळ्या शेतात, झाडांच्या रांगेत, सकाळी दहा पन्नासला गेला. तो बेपत्ता नाही. कुठे आहे ते मला पावलांनी माहीत आहे.

भुजंगराव, हे तू वाचशील, कारण तुला वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. बर्फातून तू कुणाला मागे सोडलं नाहीस, ते मी कुणासमोरही कबूल करीन. पण याला सोडलंस. माझ्या वाटणीचं उत्तर मी गयाबाईला देऊन आलो. तुझं बाकी आहे. उमरीच्या स्टँडवर उतर, घर कुणीही दाखवेल. तिला कमी ऐकू येतं, तेव्हा हळू बोलून भागणार नाही. परेड ग्राउंडवर तुझा आवाज पलीकडच्या टेकडीवर जायचा. त्याच आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं, तिच्यासमोर उभं राहून सांग. तिच्या पोराला कुणी धाडलं?